गस्ती बोटीचा हिशोब कोण घेतं? संसद आणि संरक्षण खरेदी, सोप्या भाषेत

४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिन मालवणात साजरा झाला तेव्हा तारकर्लीच्या किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. समोर युद्धनौका उभ्या, डोक्यावरून विमानं जात होती. माझ्या शेजारी आमच्या वाडीतला एक तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचा प्रमुख, होता, पस्तीस वर्षं दर्यात काढलेला. शाळेत मी नागरिकशास्त्र शिकवायचो, म्हणून तो मला अजून सरच म्हणतो. एक विमान कानठळ्या बसवून गेलं आणि त्यानं विचारलं, "सर, ह्येका इतको पैसो लागता, त्येचो हिशोब घेता कोण?"

मी म्हटलं, संसद.

"म्हणजे आपलो खासदार?"

उत्तर हो असंच आहे. पण एका शब्दात ते पुरत नाही. त्या दिवसानंतर मी संसदेच्या समित्यांचे आणि सरकारचा हिशोब तपासणाऱ्या कॅगचे अहवाल वाचत गेलो. त्यातून जे समजलं ते त्याला सांगितलं, तसंच इथे मांडतो.

आधी गावातलं उदाहरण घेऊ. देवळाचा जीर्णोद्धार निघाला की मुंबईकर मंडळ पैसे पाठवतं आणि गावातली मंडळी काम बघतात. कामाआधी सभा बसते: किती लागणार, कशाला लागणार. काम चालू असताना शिमग्याला, गणपतीला आलेले चाकरमानी चिरा कुठल्या खाणीतला आणि गवंडी कोण ते विचारून घेतात. काम झालं की पुन्हा सभा आणि तिथे वह्या उघडतात. देशाच्या संरक्षण खर्चावर संसद लक्ष ठेवते तीही याच तीन वेळांना. फरक एवढाच की आपल्याकडे दुसऱ्या वेळेला पकड सैल आहे, आणि माझ्या मते खरं नुकसान तिथेच होतं.

पैसे देण्याआधी

सरकारच्या तिजोरीला राज्यघटनेत 'संचित निधी' म्हणतात. संसदेनं कायदा केल्याशिवाय त्यातून एक रुपयाही बाहेर काढता येत नाही. म्हणून दर वर्षी प्रत्येक मंत्रालय लोकसभेपुढे 'अनुदानाच्या मागण्या' ठेवतं. संरक्षण मंत्रालयाच्या अशा चार मागण्या असतात.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार २१० कोटी रुपये होते. आकडा ऐकला की वाटतं, एवढ्या पैशात किती जहाजं येतील! पण त्यातले ३ लाख ११ हजार ७३२ कोटी सैन्यदलांच्या रोजच्या खर्चाचे: पगार, इंधन, रसद, दुरुस्ती. १ लाख ६० हजार ७९५ कोटी निवृत्तिवेतनाचे. नवी जहाजं, विमानं, तोफा ज्यातून येतात तो भांडवली खर्च १ लाख ८० हजार कोटींचा. उरलेले २८ हजार ६८२ कोटी मंत्रालयाच्या नागरी मागणीत, आणि आपल्या किनाऱ्यावर फिरणारं तटरक्षक दल याच नागरी मागणीत बसतं. दल संरक्षण मंत्रालयाचंच, पण त्याचा पैसा नौदलाच्या पैशातून येत नाही. त्या वर्षी तटरक्षक दलाला ९ हजार ६७६ कोटींच्या आसपास मिळाले, त्यातले ५ हजार कोटी नव्या बोटी, विमानं आणि अशा खरेदीसाठी.

या मागण्या मतदानाला येण्याआधी संरक्षणविषयक स्थायी समितीकडे जातात. मंत्रालयांवर लक्ष ठेवणाऱ्या अशा स्थायी समित्या १९९३ पासून आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे, सगळ्या पक्षांचे. मंत्र्याला सदस्य होता येत नाही. बैठक बंद दाराआड होते. तिथे कॅमेरे नसतात, त्यामुळे घोषणाही नसतात आणि खासदार पक्ष बाजूला ठेवून प्रश्न विचारू शकतात. समोर संरक्षण सचिव आणि तिन्ही दलांचे वरिष्ठ अधिकारी बसलेले असतात.

ही समिती मनावर घेते तेव्हा काय होतं ते २०१८ साली दिसलं. अध्यक्ष होते निवृत्त मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी. लष्कराचे उपप्रमुख लेफ्टनंट जनरल शरत चंद यांनी समितीसमोर स्वच्छ सांगितलं की लष्कराकडची ६८ टक्के सामग्री जुनाट झाली आहे, २४ टक्के आजच्या काळातली आहे आणि अत्याधुनिक म्हणावी अशी फक्त ८ टक्के. आधुनिकीकरणाला मिळाले होते २१ हजार ३३८ कोटी, आणि आधीच केलेल्या १२५ करारांचे त्या वर्षीचे हप्तेच २९ हजार ३३ कोटींचे होते. घर चालवणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मागच्या कर्जाचा हप्ता पगारापेक्षा मोठा असेल तर नवीन काही घेण्याचा विषयच संपतो. गणवेशातला अधिकारी सरकारच्या अर्थसंकल्पाबद्दल असं बोलू शकला, कारण विचारणारी संसद होती.

समितीचा हा अहवाल १३ मार्च २०१८ ला सभागृहात आला. दुसऱ्याच दिवशी, १४ मार्चला, लोकसभेनं सगळ्या मंत्रालयांच्या मागण्या गोंधळात, चर्चेविना मंजूर केल्या.

याला 'गिलोटिन' म्हणतात. चर्चेचे दिवस संपले की उरलेल्या मागण्या अध्यक्ष एकत्र मतदानाला टाकतात. काही मागण्या अशा जाणं समजू शकतो, सगळ्याच मंत्रालयांवर बोलायला वेळ नसतो. पण २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये एकाही मागणीवर चर्चा झाली नाही. खासदाराच्या हातात 'कपात सूचना' नावाचं साधन असतं. धोरणच मान्य नसेल तर मागणी एक रुपयावर आणा म्हणायचं. एखादी विशिष्ट तक्रार असेल तर शंभर रुपये कमी करा म्हणायचं. शंभर रुपयांनी कोणाचं अडत नाही, पण त्या निमित्तानं मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं. चर्चाच झाली नाही तर ते साधन म्यानातच राहतं. उपप्रमुखांनी एवढं खरं बोलावं आणि दुसऱ्या दिवशी त्यावर सभागृहात एक शब्दही निघू नये, याचं मला अजून वाईट वाटतं.

करार कोण करतं

इथे पुष्कळांचा गैरसमज असतो. जहाज किंवा विमान घ्यायचा करार संसदेपुढे मंजुरीला येत नाही. सैन्यदल गरज मांडतं. संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची संरक्षण खरेदी परिषद ती गरज मान्य करते. मग निविदा, चाचण्या, भावाची घासाघीस, आणि मोठी रक्कम असेल तर पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समिती. ही परिषद कारगिल युद्धानंतर २००१ साली स्थापन झाली, आणि खरेदीची लेखी कार्यपद्धती २००२ पासून आहे.

जर्मनीत अडीच कोटी युरोंवरचा प्रत्येक संरक्षण करार सहीपूर्वी संसदेच्या अर्थसंकल्प समितीकडे जातो. आपण वर्षभराचा पैसा एकदम मंजूर करतो आणि कोणती वस्तू कोणाकडून घ्यायची ते सरकारवर सोडतो. प्रत्येक खरेदी खासदारांपुढे यावी असं मला वाटत नाही, तसं केलं तर आज लागणारी बोट नातवाच्या काळात येईल. पण करार झाल्यावर वस्तू वेळेवर येते आहे का, एवढं तरी संसदेनं सतत विचारत राहायला हवं. हीच ती दुसरी वेळ.

दोन उदाहरणं देतो, दोन्ही आपल्या जवळची. माझगाव डॉक हे नाव कोकणात परकं नाही. आमच्या पंचक्रोशीतल्या कित्येक घरांची चूल तिथल्या पगारावर पेटली. त्या गोदीत सहा स्कॉर्पीन पाणबुड्या बांधायचा करार ऑक्टोबर २००५ मध्ये झाला, १८ हजार ७९८ कोटींचा. पहिली २०१२ ला आणि सहावी २०१७ ला यायची होती. पहिली, आयएनएस कलवरी, डिसेंबर २०१७ मध्ये नौदलात दाखल झाली. सहावी, वागशीर, जानेवारी २०२५ मध्ये. दोष त्या कामगारांचा नाही. सुटे भाग कुठून येणार, तंत्रज्ञान कधी हातात पडणार, हे ठरवणारे लोक वेगळे असतात.

दुसरं उदाहरण उथळ पाण्यात पाणबुड्या शोधणाऱ्या १६ छोट्या जहाजांचं. करार २०१९ चा, सुमारे १२ हजार ६२२ कोटींचा, निम्मी जहाजं कोलकात्याच्या गोदीकडे आणि निम्मी कोचीच्या. यातल्या एकाचं नाव वसईजवळच्या किल्ल्यावरून अर्नाळा, एकाचं नाव मालवण. आपल्या गावाचं नाव लोखंडावर कोरलेलं बघून कोणाला बरं वाटणार नाही? पहिलं जहाज ऑक्टोबर २०२२ पर्यंत मिळायचं होतं. अर्नाळा १८ जून २०२५ ला दाखल झालं. मध्ये कोरोनाची वर्षं गेली हे मान्यच. तरी कोरोनापायी किती महिने गेले आणि बाकीचे कशापायी, हे विचारणं कोणाचं तरी काम आहे.

ते विचारायला खासदाराकडे प्रश्नोत्तराचा तास असतो. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि लगेच उपप्रश्न करता येतो. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं. साधारण पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन मंत्री माहिती नाकारू शकतात, आणि काही वेळा ते बरोबरही असतं. कुठल्या बंदरात किती दारूगोळा आहे हे छापून येऊ नये. पण करारातली तारीख उलटली आणि जहाज आलं नाही, यात गुप्त काय? ते शत्रूला उपग्रहातून दिसतंच. मग दिसत नाही ते फक्त आपल्याला.

आमच्या या भागाच्या तेव्हाच्या राजापूर मतदारसंघानं बॅरिस्टर नाथ पै आणि नंतर मधु दंडवते यांना लोकसभेत पाठवलं होतं. त्यांची भाषणं ऐकायला माणसं जमायची, त्यावर पारावर वाद व्हायचे. म्हणजे खासदारानं दिल्लीत काय विचारलं यावर बोलायची सवय आपल्याला होती.

वह्या उघडतात तेव्हा

तिसरी वेळ काम झाल्यानंतरची, आणि आपली व्यवस्था इथे सगळ्यांत मजबूत आहे. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, सरकारला उत्तरदायी नसतात. त्यांचे अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेच्या पटलावर येतात आणि मग लोकलेखा समितीकडे जातात. ही समिती १९२१ पासूनची. आज तिच्यात २२ सदस्य असतात आणि १९६७ पासून अध्यक्ष विरोधी पक्षाचा असतो. ही प्रथा मला फार मोलाची वाटते. मंडळाचा खजिनदार एका वाडीचा असेल तर हिशोब तपासणारा दुसऱ्या वाडीचा असावा, हे आपल्याकडे कोणी शिकवलेलं नसतं, तरी पाळलं जातं.

कॅगच्या वह्यांत काय सापडतं? तारकर्लीला ज्या जातीची विमानं आपण कौतुकानं बघितली त्या मिग-२९के बद्दल २०१६ चा अहवाल आहे. ही विमानं विमानवाहू जहाजासाठी घेतलेली, आणि किनाऱ्यावरचा त्यांचा तळ गोव्यात दाबोळीला. तपासलेल्या काळात उड्डाणाला तयार असलेल्या विमानांचं प्रमाण १६ ते ३८ टक्क्यांच्या दरम्यान होतं. आलेल्या ६५ इंजिनांपैकी ४० बिघाडामुळे काढावी लागली होती. त्याआधी २००९ मध्ये कॅगनं विक्रमादित्य या जहाजाच्या खरेदीवर बोट ठेवलं. रशियाचं जुनं जहाज दुरुस्त करून घ्यायचा २००४ चा सौदा ९७ कोटी ४० लाख डॉलरचा होता, तो २०१० पर्यंत २३० कोटी डॉलरच्या पुढे गेला. २००८ ला येणारं जहाज नोव्हेंबर २०१३ मध्ये नौदलात आलं. जुनी होडी स्वस्त म्हणून घ्यायची आणि फळ्या उघडल्यावर एकेक दोष बाहेर पडायचा, हे ज्यानं भोगलं आहे त्याला हा व्यवहार लगेच कळेल.

लष्कराच्या दारूगोळ्याबद्दलचा २०१७ चा अहवालही असाच. १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवसांच्या लढाईलाही पुरणारा नव्हता.

आणि तटरक्षक दल. या दलाचा जन्मच आपल्या किनाऱ्यावरच्या चोरट्या व्यापाराशी जोडलेला आहे. सत्तरच्या दशकात सोनं आणि घड्याळं कशी उतरायची ते आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिलं आहे. दल १९७७ मध्ये उभं राहिलं, कायदा १९७८ चा. पण फेब्रुवारी १९९३ मध्ये श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला आरडीएक्स उतरलंच. २००८ च्या नोव्हेंबरात अतिरेक्यांनी 'कुबेर' नावाचा मासेमारी ट्रॉलर पळवला आणि त्याच्या तांडेलाला मारून मुंबई गाठली. त्यानंतर २०११ मध्ये कॅगनं तटरक्षक दलावर स्वतंत्र अहवाल दिला. जलद गस्ती नौकांपैकी ७२ टक्के नौकांचं आयुष्य संपलेलं होतं किंवा वाढवून वापरलं जात होतं. हे वाचताना कुबेरवरचा तो तांडेल माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण बंदरावर हमखास घोळ होतो. जेटीला बांधलेली प्रत्येक सरकारी बोट संरक्षण खात्याची नसते. २००५ च्या किनारी सुरक्षा योजनेत केंद्रीय गृह मंत्रालयानं किनारी राज्यांच्या पोलिसांना २०४ बोटी दिल्या. त्यांचा प्रश्न संरक्षणमंत्र्यांना विचारून उपयोग नाही. केंद्राच्या पैशाचा हिशोब गृहमंत्र्यांकडे, आणि त्या चालवण्याचा, डिझेलचा, खलाशांचा हिशोब राज्य सरकारकडे, म्हणजे आमदारामार्फत विधिमंडळात. चुकीच्या दारात ठोठावलं की प्रश्न तिथेच परततो.

या तिसऱ्या वेळेची अडचण नावातच आहे. ती नंतर येते. कॅगचा अहवाल येईपर्यंत पैसे गेलेले असतात आणि बहुतेक वेळा निर्णय घेणारे अधिकारीही निवृत्त झालेले असतात. समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. सरकारला ठरल्या मुदतीत 'काय केलं' ते कळवावं लागतं, पण 'शिफारस स्वीकारता येत नाही' हेही उत्तर चालतं. संरक्षण समितीनं वर्षानुवर्षं मागितलेला, ३१ मार्चला न बुडणारा निधी अजून उभा राहिलेला नाही. मार्चअखेरीस पैसे परत जाऊ नयेत म्हणून ग्रामपंचायतीत जी धावपळ होते तीच दिल्लीतही होते, आणि सात वर्षांत बांधून होणाऱ्या जहाजाला ते वर्षाचं कॅलेंडर कसं मानवणार?

आपण मात्र संरक्षण खरेदी म्हटलं की लाचेचाच विचार करतो. त्याचं कारण बोफोर्स. १९८६ चा ४१० तोफांचा, १४३७ कोटींचा करार. १९८७ मध्ये स्वीडिश रेडिओनं दलालीची बातमी दिली, संयुक्त संसदीय समिती नेमली गेली, १९८९ मध्ये कॅगचा अहवाल आला आणि विरोधी खासदारांनी लोकसभेचे राजीनामे दिले. लाच खाणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी, त्यात वाद नाही. पण त्यातून दुसराही परिणाम झाला. फाइलवर सही करायलाच माणसं घाबरू लागली. त्या बोफोर्स तोफा कारगिलमध्ये कामाला आल्या, आणि त्यानंतरची परदेशी तोफांची मोठी नवी खरेदी व्हायला २०१६ साल उजाडलं. तीस वर्षं. लाच पकडली की तिची बातमी होते. तोफ आली नाही याची होत नाही.

राफेलच्या वेळी प्रश्न किमतीचा होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये कॅगचा अहवाल पटलावर आला, त्यात ३६ विमानांचा व्यवहार आधीच्या देकारापेक्षा २.८६ टक्के स्वस्त ठरवला होता, पण प्रत्यक्ष किमती झाकलेल्या होत्या. माझं मत असं की जाहीर अहवालात किंमत झाकली तर हरकत नाही, मात्र बंद दाराआड बसलेल्या समितीच्या सदस्यांना तरी ती उघडी दिसायला हवी. गुप्ततेची शपथ आपण मंत्र्यालाच देतो. ती समितीच्या सदस्यांनाही देता येईल.

हे सगळे अहवाल संसदेच्या आणि कॅगच्या संकेतस्थळांवर मोफत आहेत. इंग्रजी आणि हिंदी असतात. वाचायला वेळ लागतो, पण कोष्टकं कोणालाही समजतात.

गेल्या महिन्यात तो तांडेल घरी आला. मी त्याला खासदारांकडे देण्यासाठी एक अतारांकित प्रश्न लिहून दाखवला. तो असा:

"(क) महाराष्ट्र किनाऱ्यावरच्या तटरक्षक दलाच्या गस्ती नौकांपैकी ठरलेलं आयुष्य उलटून गेलेल्या नौका किती टक्के आहेत, (ख) त्यांच्या जागी येणाऱ्या नौकांचे करार कधी झाले व करारातली मूळ तारीख कोणती, (ग) उशीर झाला असल्यास पुरवठादाराकडून किती दंड वसूल झाला?"

त्यानं दोनदा वाचायला लावला. मग म्हणाला, "ह्या सगळा बरा आसा. पण बोट नवी की जुनी ह्या नंतर, सर. ती म्हयन्याचे किती दिस दर्यात असता, ता इचारा."

(घ) म्हणून ते खाली लिहिलं, आणि कागद त्याच्याच हातात दिला.